आवाजाच्या लाटांनी हृदय बरे होते का?

थळ-वरसोलीपासून मुरूडपर्यंत कुठल्याही तांडेलाला विचारा. बोटीवर फिश फाइंडर असला की खाली किती वाव पाणी आहे आणि मासळीचा थवा कुठे आहे, हे जाळे टाकण्याआधीच पडद्यावर दिसते. यंत्र पाण्यात आवाज सोडते, तो तळावर आपटून परत येतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. हा त्याच्या पलीकडचा, म्हणून ऐकू येत नाही. त्यालाच अल्ट्रासाउंड म्हणतात.

हीच युक्ती १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी हृदयावर लावून पाहिली. तसले यंत्र हर्ट्झना आढळले जहाज बांधण्याच्या कारखान्यात! तिथे ते धातूतल्या भेगा शोधायला वापरीत. छातीला जेली लावून डॉक्टर 'इको' काढतात, तो हाच शोध. इकोत हृदयाच्या झडपा आणि पंपाची ताकद दिसते. मात्र इको चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे समजू नका. त्यासाठी अँजिओग्राफी लागते.

पण पाहणे वेगळे आणि बरे करणे वेगळे. "यंत्र छातीवर फिरवले की ब्लॉक विरघळतो, गोळ्या सुटतात," असे कोणी सांगितले तर काय करावे?

जपानमध्ये सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाचे डॉ. शिमोकावा यांनी हा प्रश्न नीट तपासला. सौम्य अल्ट्रासाउंडने हृदयात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, असे त्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. मग औषधे व शस्त्रक्रिया करूनही छातीत कळ येणाऱ्या ५६ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना खरे उपचार दिले, काहींना तसेच दिसणारे खोटे. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते. २०२३ साली निकाल छापून आला. खरे उपचार घेणाऱ्यांना कळ आल्यावर घ्यायचे नायट्रोग्लिसरीन निम्म्याहून कमी लागू लागले. आणि खोटे उपचार घेणाऱ्यांनाही तितकेच कमी लागले! अपाय झाला नाही, पण यंत्राचा म्हणून वेगळा गुण दिसला नाही. "मला बरे वाटले" एवढ्या शब्दावर पैसे का मोजू नयेत, ते यावरून ध्यानात येईल.

एक उपयोग मात्र पक्का आहे. रक्तवाहिनीत चुना साचून ती दगडासारखी झाली, तर आत फुगा नेऊन दाबाच्या लहरींनी तो चुना फोडतात आणि मग स्टेंट बसवतात. मुतखडा फोडण्याच्या तंत्राचाच हा धाकटा भाऊ. पण हे काम मोठ्या रुग्णालयातले, आणि त्यानंतरही गोळ्या चालूच राहतात.

औषधाशिवायचे खात्रीचे उपाय घरातच आहेत. तंबाखू आणि मिश्री बंद करणे, रोज चालणे, आणि पायांना सूज असेल तर खारवलेले सुके मासे व लोणचे ताटातून दूर ठेवणे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये.

आणि छातीत कळ येऊन घाम फुटला, तर "सकाळी मांडव्याहून लाँच धरून मुंबईला जाऊ" म्हणत रात्र काढू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय किंवा त्याहून जवळ जिथे ईसीजीची सोय असेल, तिथे पोहोचा. जुने कागद आणि चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.