चिचेन इत्झा: सावल्यांवरून शिकायचे खगोलशास्त्र

माया लोकांच्या प्राचीन नगरांपैकी मुलांना आकाशाची ओळख करून द्यायला सर्वांत सोयीचे नगर म्हणजे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चिचेन इत्झा. साधारण नवव्या ते बाराव्या शतकांत ते भरभराटीला आले आणि १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. येथील आकाशनिरीक्षकांजवळ दुर्बीण नव्हती. उघडे डोळे, उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड करून बांधलेल्या इमारती आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नोंदी एवढ्या भांडवलावर त्यांनी काम चालवले.

सुरुवात कुकुलकान या सर्पदेवाच्या पिरॅमिडपासून करावी. सुमारे ३० मीटर उंचीच्या या वास्तूला चारही बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वर एक सामायिक चौथरा आहे. बेरीज ३६५ येते, आणि ती मुलांनाच करू द्यावी. चढायला आता बंदी आहे, शिवाय दोनच बाजू नीट दुरुस्त केलेल्या आहेत. तेव्हा खाली उभे राहून डोळ्यांनी मोजणे एवढेच हाती उरते. उत्तरेच्या जिन्यासमोर टाळी वाजवली तर पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. याचा खगोलशास्त्राशी संबंध नाही, पण मुलांना बहुधा हाच सर्वांत जास्त लक्षात राहतो.

पिरॅमिड प्रसिद्ध आहे तो सापाच्या सावलीसाठी. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास, दुपार कलल्यावर नऊ टप्प्यांच्या कोपऱ्याची सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर पडते. उन्हाचे त्रिकोण एकाखाली एक उजळतात आणि कठड्याच्या पायथ्याशी असलेल्या दगडी सर्पमुखाला जणू अंग फुटते. वास्तू उत्तर दिशेपासून थोडी वळवून बांधल्यामुळे हे घडते. बांधणाऱ्यांनी ते मुद्दाम साधले की नाही याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, आणि मुलांना तेही सांगायला हवे.

खरा धडा मात्र थोड्याच अंतरावरच्या ‘एल काराकोल’ या गोल इमारतीत आहे. तिचा वरचा भाग ढासळला आहे, तरी उरलेल्या अरुंद खिडक्यांमधून क्षितिजावरच्या ठरावीक जागा दिसतात. शुक्र सर्वांत उत्तरेला आणि सर्वांत दक्षिणेला मावळतो त्या दिशांशी या रेषा जुळतात, असे संशोधकांचे मत आहे. शुक्राचे एक चक्र सुमारे ५८४ दिवसांचे. अशी पाच चक्रे म्हणजे २,९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षे म्हणजेही तेवढेच. म्हणून एखाद्याच्या जन्मदिवशी शुक्र आकाशात जिथे होता, जवळपास तिथेच तो त्याच्या आठव्या वाढदिवशीही असतो. आठ वर्षांच्या मुलाला शुक्राचे गणित पटवायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

हा हिशेब माया ग्रंथांतही सापडतो. अंजिराच्या जातीच्या झाडांच्या सालीपासून केलेल्या कागदावरील त्यांच्या पोथ्यांपैकी चारच आज शिल्लक आहेत. १५६२ मध्ये मानी येथे दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने अनेक पोथ्या जाळल्या. जर्मनीत ड्रेस्डेनला असलेल्या पोथीत शुक्राचे कोष्टक आहे आणि ४०५ चांद्रमासांचे ग्रहणांचे कोष्टकही. आकडे लिहिण्याची रीत मुलांना पाच मिनिटांत येते: टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. अकरा लिहायचे तर दोन रेघा आणि एक टिंब.

माया लोक २६० आणि ३६५ दिवसांची दोन चक्रे एकाच वेळी चालवत. दोन्ही पुन्हा एकत्र जुळायला ५२ वर्षे लागत. याखेरीज त्यांची एक दीर्घ गणना होती. तिचा एक मोठा टप्पा २१ डिसेंबर २०१२ रोजी पुरा झाला, गाडीच्या मीटरवर सगळे आकडे एकदम पालटावेत तसा. त्यावरून उठलेली जगबुडीची आवई बाहेरच्यांची होती. आणि माया लोक नाहीसे झाले हेही खरे नाही. मेक्सिको, ग्वातेमाला आणि बेलीझमध्ये माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही आहेत.

महाराष्ट्रातल्या मुलांना यातला एक प्रयोग घरीच करता येतो. चिचेन इत्झा आणि अकोला जवळपास एकाच अक्षांशावर, सुमारे २०.७ अंश उत्तरेला आहेत. त्यामुळे दोन्हीकडे मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या दिवशी जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. अकोल्यात मेमध्ये तेव्हा घड्याळाची वेळ साधारण बारा वाजून वीस मिनिटे असते. पावसाळाही युकातानात मे-जूनमध्येच सुरू होतो आणि मक्याची पेरणी त्याच सुमारास होते. सूर्याच्या या दिवसांकडे शेतकऱ्याचे लक्ष का असावे, हे विदर्भातल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष जायचे तर सकाळी दार उघडताच पोहोचावे. अवशेषांमध्ये सावली फार कमी आहे, त्यामुळे टोपी आणि भरपूर पाणी हवेच. सापाची सावली विषुवदिनाच्या आगेमागे काही दिवस दिसते, तेव्हा मुले बरोबर असतील तर ऐन विषुवदिनाची गर्दी टाळून दोन दिवस आधी किंवा नंतर जावे.