ऊब अंगातच असते

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की आपल्याकडे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याची बातमी होते. द्राक्षबागांत शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, कपाटातले स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात आणि ‘यंदा थंडी फारच आहे हो’ या वाक्याने ओळख नसलेल्या दोघांच्याही गप्पा सुरू होतात. आता अशी कल्पना करा, की पारा शून्याच्या खाली तीस अंश गेला आहे. गोठलेल्या समुद्रावरून वारा वाहतो आहे. नजर पोहोचेल तिथपर्यंत झाड नाही, म्हणजे जळणही नाही. अशा ठिकाणी एका माणसाला बर्फातल्या एका भोकापाशी कमरेत वाकून, पाऊल न हलवता तासन्‌तास उभे राहायचे आहे. तो कंटाळून परत गेला, तर घरात खायला काही नसेल आणि दिव्यात घालायला चरबीही नसेल.

हा माणूस म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाला राहणारा इनुइट शिकारी. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला ‘एस्किमो’ म्हणत. त्या लोकांना मात्र आता ‘इनुइट’ हेच नाव हवे असते. शिकार म्हटले, की आपल्या कपाळाला आठी पडते आणि ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपल्यातच जमा आहे. पण जिथे वर्षातले आठ-नऊ महिने जमीन बर्फाखाली असते आणि ज्वारी-बाजरीचे कणीसच काय, भाजीचे पानही उगवत नाही, तिथे शिकार हीच शेती असते. सील, कॅरिबू, मासे हेच तिथले पीक. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअर. आज तिथल्या गावांत दुकाने आहेत, पण दूरवरून येणारा माल फार महाग पडतो. त्यामुळे शिकारीचे ताजे मांस आजही अनेक घरांचा आधार आहे.

या शिकाऱ्याला ऊब मिळते कुठून? आपण सहज म्हणतो, की स्वेटर गरम आहे, रजई गरम आहे. खरे पाहता स्वेटरमध्ये उष्णता नसतेच. रात्रभर नुसती पडून राहिलेली रजई सकाळी हात लावला तर गारच लागते. उष्णता तयार होते ती आपल्या शरीरात, खाल्लेल्या अन्नातून. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारणपणे जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देत असते. पळताना किंवा ओझे ओढताना ती कितीतरी पटींनी वाढते. कपड्याचे काम एवढेच, की ही उष्णता लवकर निसटू द्यायची नाही.

ती निसटण्याच्या वाटा आपण शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण या नावांनी शिकलो. थंड वस्तूला टेकलो, की उष्णता तिच्यात जाते. वारा लागला, की अंगाभोवतीचे उबदार हवेचे वेष्टण उडून जाते. काहीही न टेकता, वारा नसतानाही उघडे अंग उष्णता बाहेर टाकत राहते. चौथी वाट घामाची. घामाची वाफ होताना ती शरीराची उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात हीच वाट आपल्याला वाचवते. ध्रुवप्रदेशात तीच जिवावर उठते.

वाऱ्याचा प्रभाव किती असतो, हे पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी अंटार्क्टिकात मोजले. उघड्यावर टांगलेल्या नळीतले पाणी किती वेळात गोठते, एवढाच तो साधा प्रयोग. त्यातून पुढे वाऱ्याच्या बोचरेपणाचा हिशेब आला. आज कॅनडात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार उणे ३० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे ४६ इतकी जाणवते. अशा वेळी नाकाच्या शेंड्यावरची किंवा गालावरची कातडी थोड्याच मिनिटांत गोठू शकते.

शिकाऱ्याची खरी अडचण मात्र नुसत्या थंडीची नाही. गिर्यारोहक चालत असतो, लाकूडतोड्या घाव घालत असतो. दोघांचेही शरीर सतत तापलेले असते. शिकाऱ्याला दोन अगदी विरुद्ध अवस्थांतून जावे लागते. आधी तो कुत्र्यांच्या गाडीबरोबर धावतो, गाडी उंचवट्यांवरून ढकलतो. त्या वेळी घाम फुटतो. मग तो एकदम थांबतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. धावताना आलेला घाम कपड्यात मुरलेला असेल, तर थांबताच त्याचे गार पाणी आणि पुढे बर्फ होते. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. त्यामुळे ओला कपडा अंगावर असून नसल्यासारखाच. म्हणून इनुइट शिकाऱ्याचा पहिला नियम असा, की घाम येऊ द्यायचा नाही. गती कमी करायची, टोपडे मागे टाकायचे, गळा सैल करायचा. पण घाम टाळायचा.

त्याचा पारंपरिक पोशाख याच नियमावर बेतलेला आहे. कॅरिबूच्या कातड्याचे दोन अंगरखे एकावर एक घालतात. आतल्याचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे केस बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा भरलेली असते. शिवाय दाट केसांच्या मध्येही हवा अडकते. आपली आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून गोधडी करत असे, तेव्हा तीही थरांमध्ये हवाच साठवत असे. अंगरखा समोरून उघडा नसतो, डोक्यावरून घालायचा असतो, त्यामुळे वाऱ्याला आत शिरायला फट सापडत नाही. तो सैलही असतो. उकडू लागले, की गळ्याशी जरा जागा केली तरी आतली गरम हवा वर निघून जाते. थांबल्यावर गळा पुन्हा बंद करायचा. हा सगळा पोशाख मिळून वजन पाच किलोंच्या आसपास भरते. टोपड्याच्या कडेला वुल्व्हरीन नावाच्या प्राण्याची लव लावतात, कारण श्वासाची वाफ तिच्यावर गोठली तरी तो बर्फ हाताने सहज झटकता येतो.

कातडे मिळाले म्हणजे पोशाख झाला, असे मात्र नाही. त्यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीला किंवा शरदाच्या सुरुवातीला मारलेल्या कॅरिबूचेच कातडे निवडतात. तेव्हा केस दाट असतात, पण फार लांब आणि राठ झालेले नसतात. ते खरवडणे, मऊ करणे, बेतणे आणि शिवणे हे काम परंपरेने घरातल्या स्त्रियांचे. शिवणीचा दोरा प्राण्याच्या पाठीजवळच्या स्नायुबंधाचा. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, निम्म्या जाडीतूनच बाहेर काढायची, म्हणजे पाण्याला भोकच मिळत नाही. दोरा ओला झाला, की फुगतो आणि उरलीसुरली फटही बंद करतो. एक टाका सुटला, तर पाय ओला. आणि पाय ओला झाला, तर बोटे जाण्याचा धोका. बर्फावर एकटा उभा असलेला शिकारी असा घरी बसलेल्या बाईच्या सुईवर विसंबून असतो.

सीलच्या शिकारीत हे सारे पणाला लागते. सील पाण्यात राहतो, पण श्वास हवेतून घेतो. समुद्र गोठू लागला, की तो पुढच्या पायांच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासाची भोके उघडी ठेवतो. वर बर्फ साचल्याने ती दिसत नाहीत. कुत्रा वासाने ती शोधून काढतो. मग शिकारी भोकापाशी कातड्याचा तुकडा अंथरून त्यावर उभा राहतो. त्याने तळपायाची उष्णता बर्फात जात नाही आणि पावलांचा आवाजही होत नाही. सीलला बर्फातून येणारी बारीकशी करकरही ऐकू जाते. म्हणजे पाय आपटून ऊब आणण्याची आपली नेहमीची युक्ती इथे चालत नाही. त्यातच सीलची अशी अनेक भोके असतात. तो याच भोकाशी येईल, याची खात्री नसते. सील मिळाला, तर त्याचे ताजे कलेज तिथेच वाटून खाण्याची रीत आहे. भरपूर चरबीचा आहार हेही या उबेचे एक रहस्य आहे, कारण शरीराच्या भट्टीला तेच सरपण.

या ज्ञानाची किंमत बाहेरच्या जगाला उशिरा कळली. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली दोन ब्रिटिश जहाजे या भागात गेली. किंग विल्यम बेटाजवळ ती बर्फात अडकली आणि १२९ जणांपैकी एकही परतला नाही. त्यांच्या अंताची कारणे अनेक होती. पण ज्या बेटाच्या परिसरात ते उपासमारीने आणि थंडीने गेले, तिथेच इनुइट कुटुंबे मुलाबाळांसह राहत होती. पुढे त्याच बेटावर १९०३ ते १९०५ या काळात नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन दोन हिवाळे राहिला. त्याने नेट्सिलिक इनुइटांकडून कातड्याचा पोशाख कसा घालायचा आणि कुत्र्यांची गाडी कशी हाकायची, हे शिकून घेतले. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तेव्हा ही शिदोरी त्याच्याबरोबर होती.

शरीरही आपल्या परीने बचाव करते. थंडी वाढली, की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त हृदय-मेंदूकडे राखले जाते. बोटे बधिर होतात ती त्यामुळे. पण बोटे फार वेळ गार राहिली, की त्या वाहिन्या अधूनमधून थोड्या वेळासाठी उघडतात आणि बोटांना रक्त मिळते. ब्रिटिश वैद्यक संशोधक थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये ही क्रिया नोंदवली. इनुइटांमध्ये आणि थंड पाण्यात काम करणाऱ्या मच्छीमारांमध्ये ती अधिक जोमदार दिसते.

या बचावालाही मर्यादा असते. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले, की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग जीभ जड होते, पाऊल अडखळते आणि माणूस चुकीचे निर्णय घेऊ लागतो. हुडहुडी उबेशिवाय आपोआप थांबली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नये. ती धोक्याची सूचना असते. दारूने ऊब येते, हा समज तर घातक आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते.

आपल्यापैकी पुष्कळजण हल्ली हिवाळ्यात लडाखला किंवा हिमाचलला जातात. त्यांनीही यातले काही गाठीशी बांधावे. अंगालगत सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो. लोकर बरी, कारण ती ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरणाऱ्या आपल्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन सैल थर चांगले. बूट घट्ट नसावेत. चालायला लागण्यापूर्वी एक थर काढावा, थांबताच चढवावा. बोट गोठून पांढरे पडले, तर ते चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच घासू नये. पुन्हा गोठणार नाही अशा ठिकाणी पोहोचल्यावर कोमट पाण्यात धरावे आणि डॉक्टर गाठावा.

इनुइट शिकारी आज स्नोमोबाइल वापरतो, अंगात बरेचदा कारखान्यातला कोट असतो. तरीही लांबच्या शिकारीला जाताना अनेकजण कॅरिबूचे कातडेच पसंत करतात. पण तो कॅरिबूच आता विरळ होत चालला आहे. बाथर्स्ट नावाच्या प्रसिद्ध कळपात १९८६ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार प्राणी होते; २०२१ च्या मोजणीत ते साडेसहा हजारांच्याही खाली आले. १९७९ नंतरच्या चार दशकांत उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे शास्त्रज्ञ सांगतात. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर फुटतो. ज्या वाटेने वडील निर्धास्त गेले, त्या वाटेवर मुलाच्या पायाखालचा बर्फ खचतो आणि तो गार पाण्यात पडतो. जग तापत असताना थंडीने मरण्याचा धोका वाढावा, असे हे विपरीत आहे.

आपले ध्रुवीय संशोधन केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. तिथून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या तुकड्यांना आधी हिमालयात औली इथे बर्फाची सवय करून दिली जाते. त्यांनाही थर, वारा आणि घाम यांचाच विचार करावा लागतो. कापड बदलले, कारखाने आले, पण हे गणित तेच आहे. ते ज्यांनी सुई आणि कातड्याच्या आधारे सोडवले, त्या घरांतल्या मुली आज आजीकडून तो टाका शिकल्या नाहीत, तर तो पुढे कोणत्याही पुस्तकातून नीट शिकता येणार नाही. नुनावुतच्या काही गावांत म्हाताऱ्या बायका तरुण मुलींना बसवून कातडे खरवडायला आणि शिवायला शिकवतात, ते याचसाठी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)