गोखल्यांचे बिल आणि आपली शाळा

आमच्या घरी बिल म्हटलं की लाईटचं. म्हणून गुरुजी म्हणाले, "पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बिल मांडले," तेव्हा मी विचारलं, "किती रुपयांचं?" सगळा वर्ग हसला. पण हसणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं. म्हणून हा लेख लिहीत आहे.

बिल म्हणजे विधेयक. कायदा होण्याच्या आधीचा कागद. आपल्या देशाचे कायदे दिल्लीला संसदेत होतात. संसदेची दोन सभागृहे आहेत. लोकसभेत ५४३ खासदार असतात. त्यांना आपले आईवडील मत देऊन निवडतात. महाराष्ट्राचे ४८ आहेत. राज्यसभेत २४५ जागा आहेत. तिथले बहुतेक खासदार आमदार निवडतात, आणि १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. लोकसभा पाच वर्षांनी संपते. राज्यसभा कधीच संपत नाही, दर दोन वर्षांनी तिचे तिसरा हिस्सा खासदार बदलतात.

सभा चालायला दहावा हिस्सा सभासद हजर लागतात. त्याला गणपूर्ती म्हणतात. आपल्या ग्रामसभेत लोक कोरम म्हणतात तेच. मी ५४३ ला १० ने भागले, ५४ आले आणि ३ उरले. अर्धा माणूस बसवता येत नाही, म्हणून ५५ लागतात. कमी असले तर अध्यक्ष सभा तहकूब करतात, म्हणजे पुढे ढकलतात.

विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्यात ते नुसते मांडतात. दुसऱ्यात चर्चा होते आणि एकेक कलम तपासतात. कधी ते आधी थोड्या खासदारांच्या समितीकडे देतात, तिला प्रवर समिती म्हणतात. तिसऱ्या वाचनात शेवटचे मत घेतात. एका सभागृहात पास झाले की दुसऱ्यात तेच सगळे पुन्हा. मग राष्ट्रपतींची सही, आणि मग तो कायदा.

आता गोखल्यांचं सांगते. ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवत. त्यांनी गणिताचं पुस्तकसुद्धा लिहिलं होतं. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, संसद नव्हती. व्हाइसरॉयचं कायदे कौन्सिल होतं आणि त्यात सरकारी बाजूचे सभासद जास्त. गोखले त्यात लोकांच्या बाजूचे. १९११ साली त्यांनी विधेयक मांडलं की ६ ते १० वर्षांच्या मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे, आणि ज्या बापाची कमाई महिन्याला दहा रुपयांच्या आत आहे त्याच्याकडून फी घ्यायची नाही. आधी फक्त मुलगे, मुलींचं नंतर. हे मला आवडलं नाही. पण गुरुजी म्हणाले, तेवढंसुद्धा त्या काळी सरकारला फार वाटलं.

मार्च १९१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे द्यायचं का यावर मतं घेतली. बाजूने १३, विरुद्ध ३८. एकूण ५१ मतं, म्हणजे जिंकायला २६ पाहिजेत. आणखी १३ हात वर झाले असते तर झालं असतं. त्याला बहुमत म्हणतात. विधेयक दुसऱ्या पायरीवरच पडलं. गोखल्यांना ते आधीच माहीत होतं, भाषणातच ते तसं म्हणाले. तरी त्यांनी मांडलं. मी असते तर मांडलंच नसतं. १९१५ साली ते वारले.

गोखल्यांसारखं, मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाला आता खासगी विधेयक म्हणतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ पास झाली आणि शेवटचं १९७० साली. हे ऐकून माझे वडील म्हणाले, "मग मांडतात कशाला?" मला उत्तर आलं नाही.

गोखल्यांचं काम पुरं व्हायला ९७ वर्षं लागली. २००२ साली घटनेत बदल करून शिक्षण हा मुलांचा हक्क केला. मग २००९ साली सरकारने विधेयक आणलं. ते आधी राज्यसभेत २० जुलैला पास झालं आणि मग लोकसभेत ४ ऑगस्टला. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. आता वय ६ ते १४. मुलगे आणि मुली दोघंही. फी नाही.

त्या कायद्यात आणखी एक कलम आहे. दाखला नाही किंवा वर्ष अर्धं संपलं, म्हणून कोणालाही परत पाठवायचं नाही. गेल्या जानेवारीत वीटभट्टीवरची एक मुलगी आमच्या वर्गात आली. तिच्याजवळ काहीच कागद नव्हता. तिची आई दारातच उभी राहिली, आत येईना. गुरुजींनी नुसतं नाव विचारलं आणि हजेरीत लिहिलं. तेव्हा मला वाटलं, गुरुजी चांगले आहेत म्हणून. ते आहेतच. पण तसा कायदाही आहे.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. आजी शाळेत गेलेली नाही, अंगठा देते. तिने एवढंच विचारलं, "त्या कागदावर शेवटची सही कोणाची?" मी सांगितलं, तेव्हा राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या, आपल्या जळगावकडच्या. आजी म्हणाली, "बाईची सही व्हय! परत वाच." मी परत वाचलं.