आजीचा जन्मदाखला, नातीची फी

"आजी गोव्यातली ना? मग पोर्तुगीज पासपोर्ट काढा, युरोपात फी नावापुरती!" मुलगी परदेशात एम.एस्सी. करायचं म्हणाली, की गोव्यात आणि शेजारच्या आमच्या सिंधुदुर्गात हा सल्ला हमखास मिळतो. लग्नमंडपातसुद्धा. यात खरं किती, हे माझ्या भाचीच्या निमित्ताने मला नीट समजून घ्यावं लागलं.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपले नागरिक मानू शकतो. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनला करावी लागते. मग त्यांच्या मुलांना आणि पुढे नातवंडांना हाच मार्ग खुला होतो. वडीलच गोव्याचे हवेत असं नाही, आईकडूनही हक्क पोचतो. म्हणून गोव्याहून सावंतवाडी-बांद्याला दिलेल्या लेकींच्या घरीही हा विषय निघतो.

माझी आई पेडण्याची. भाचीला पर्यावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, नेदरलँड्समध्ये. तिथे फरक डोळे दिपवणारा आहे. २०२५-२६ या वर्षासाठी युरोपीय संघाच्या नागरिकाला फी २,६०१ युरो, आणि भारतीय विद्यार्थ्याला सहज पंधरा-वीस हजार किंवा त्याहून जास्त. शिवाय युरोपीय नागरिकाला व्हिसा नको. मोह पडणारच!

पण पासपोर्ट दाखवला की सगळीकडे फी कमी होते असं नाही. ब्रिटनमध्ये २०२१-२२ पासून नव्याने येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांना, काही अपवाद सोडले तर, परदेशी विद्यार्थ्यांचीच फी लागते आणि व्हिसाही. त्याआधीसुद्धा नुसतं नागरिकत्व पुरत नव्हतं. आधीची तीन वर्षं युरोपात राहिल्याचा पुरावा लागे, तो सावंतवाडीत वाढलेली मुलगी कुठून आणणार? आयर्लंडही वास्तव्य विचारतं. खुद्द पोर्तुगालमध्ये पदवीच्या वर्गांसाठी २०१४ पासून परदेशी विद्यार्थ्यांचं वेगळं दार आहे, पण पोर्तुगीज नागरिक झालेल्या मुलीला त्यातून जाता येत नाही. म्हणजे विद्यापीठ नागरिकत्व पाहतं की वास्तव्य, की दोन्ही, हे देशागणिक बदलतं.

दुसरी बाजू आपल्याकडची. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळू शकतं. त्यावर भारतात येता-जाता येतं, राहता येतं. पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मार्च २०२१च्या अधिसूचनेप्रमाणे नीट, जेईईसारख्या प्रवेशांत केवळ भारतीयांसाठी असलेल्या जागाही नाहीत. फुलब्राइट-नेहरूसारख्या शिष्यवृत्त्या भारतीय नागरिकांनाच मिळतात. अनेक बँकांच्या शैक्षणिक कर्जाची पहिली अटही तीच.

आमच्या घरात खरी अडचण आली ती वेगळीच. ही साखळी आहे. आधी आजी, मग आई, मग मुलगी. नातवंडांना थेट अर्ज करायची वेगळी वाट आहे, पण तिथे पोर्तुगीज भाषा येते का ते पाहतात. भाचीला त्यातला एक शब्द येत नाही. म्हणजे आधी माझ्या बहिणीने पोर्तुगीज व्हायचं. आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, निवृत्तीला अजून आठ वर्षं! लेकीच्या फीसाठी आईने नोकरी आणि मत दोन्ही सोडायचं. बहीण तरीही तयार होती. आई ना ती! भाचीनेच ठाम नकार दिला.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. पोर्तुगीज दप्तरात नाईक हे आडनाव 'एन-ए-आय-क्यू-यू-ई' असं लिहिलेलं, आईच्या आधारकार्डावर सासरचं आडनाव. आजीचं लग्नही लिस्बनला नोंदवावं लागतं, आणि जुन्या काळची गावाकडची लग्नं इथेच नोंदवलेली नसतात. यात महिनोन् महिने जातात. प्रवेशाची तारीख थोडीच थांबते!

शेवटी भाचीने देश बदलला. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांनाही शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून सत्राला १,५०० युरो लागतात, तर काही विद्यापीठांत त्याहूनही जास्त, ती तिने यादीतून वगळली. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, त्यासाठी कर्जाचा अर्ज केलाय. भारतीय पासपोर्टवर चार अर्ज गेलेत. निकालाची वाट पाहतोय.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी साखळी आधीच पूर्ण झालीय, त्या मुलींना नेदरलँड्सचा फायदा खरा आहे. पण मैत्रिणींनो, एजंटच्या हातात पैसे ठेवण्याआधी एवढं करा. मुलीला आधी देश आणि अभ्यासक्रम ठरवू द्या. विद्यापीठाला ई-मेल करून स्पष्ट विचारा, फी नागरिकत्वावर ठरते की वास्तव्यावर? उत्तर लेखी घ्या. लिस्बनचं काम अर्धवट असेल तर अर्जात आजचंच नागरिकत्व लिहा, आणि मध्येच बदललं तर लगेच कळवा. साखळीत कुणाकुणाचं भारतीय नागरिकत्व जाणार, त्यात कुणाची सरकारी नोकरी आहे, हे कागदावर मांडा. आणि हा हिशेब करताना मुलीलाही शेजारी बसवा. सही तिलाही करायची आहे.