साउंड सिस्टीम घेताना : किती वॅटची, हा शेवटचा प्रश्न



आपल्या शाळेच्या गाण्याच्या चमूत दोन मुख्य गायक, सात-आठ मुलांचा कोरस, हार्मोनियम, तबला आणि एक कीबोर्ड आहे. गणपतीच्या कार्यक्रमाला शंभरेक श्रोते येतात. तबला सगळ्यांना ऐकू जातो, पण मुलांचे शब्द चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाहीत. म्हणून वर्गणी काढून साउंड सिस्टीम घ्यायचा विचार चालू आहे. अशा वेळी पहिला प्रश्न हमखास येतो, "किती वॅटची घ्यायची?" आम्हा इंजिनिअर पालकांच्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० पट वॅट लागतात. याउलट, तोंडापासून २ फुटांवरचा माईक ६ इंचांवर आणला, तर त्यात शिरणारा आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो. वॅटच्या हिशेबात हे १६ पट झाले, आणि खर्च शून्य!

आता ती कानठळ्या बसवणारी शिट्टी. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हे चक्र चालूच राहते. जास्त वॅट हे याच्यावरचे औषध नव्हे. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा उंच स्टँडवर ठेवावेत. गाण्याचे नेहमीचे माईक (१९६६ साली आलेला शुअर एसएम५८ हा त्यांतला सर्वांच्या परिचयाचा) समोरचा आवाज जास्त घेतात, मागचा कमी. मुलांनो, माईकची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी सुरू होते. माईक नेहमी दांड्याला धरा! चालू माईकची संख्या वाढली तरी शिट्टी लवकर येते, म्हणून ज्याचे काम नाही तो माईक बंद ठेवावा.

मिक्सर निवडताना आधी बोटांवर मोजावे. गायक २, कोरस २, हार्मोनियम १, तबला १, असे ६ माईक झाले. कीबोर्डची वायर थेट मिक्सरला जाते. खोक्यावर '८ चॅनेल' लिहिलेल्या पुष्कळ मिक्सरमध्ये माईक लावायच्या जागा मात्र ४च असतात. तेवढे दुकानात नीट पाहून घ्यावे. हार्मोनियमचा माईक भात्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवावा. भारतातून काही आणायचे असेल, तर तिथे २३० व्होल्ट आणि इथे १२० व्होल्ट, हे विसरू नये.

स्पीकरमध्ये आपल्याला तीन पर्याय आहेत. बॅटरीवर चालणारा एकच डबा बागेतल्या सहलीला उत्तम, पण त्यात माईकच्या जागा कमी. उंच खांबासारखे स्पीकर (बोसचा एल१ हा २००३ साली आला) नेण्या-आणण्यास सुटसुटीत, पण महाग. आतच अँप्लिफायर असलेले दोन स्पीकर आणि वेगळा मिक्सर, ही जोडी आपल्यासाठी योग्य वाटते. एखादी वस्तू बिघडली तर तेवढीच बदलता येते, आणि सगळे सामान एका गाडीच्या डिकीत मावते.

शेवटी मुख्य मुद्दा. आपली मराठीची शाळा आहे, तेव्हा शब्द कळायलाच हवेत. स, च, फ यांसारखी व्यंजने बारीक, उंच पट्टीच्या आवाजाची असतात आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये तीच आधी हरवतात. मागे बसलेल्या आजी-आजोबांना मग फक्त 'आ' आणि 'ओ' ऐकू येतात. अशा वेळी बास वाढवू नये, उलट गायकांच्या माईकचा बास कमी करावा.

विकत घेण्याआधी एक दिवस सिस्टीम भाड्याने आणावी. चमूने एक नवे गाणे म्हणावे आणि ते कधीही न ऐकलेल्या दोन मुलांनी शेवटच्या रांगेत बसून कानावर पडतील ते शब्द वहीत लिहावेत. शब्द बरोबर आले, तर तीच सिस्टीम घ्यावी. मग ती कितीही वॅटची असो!