कोणी कोणाला आणलं? रेफरलची साखळी डेटाबेसमध्ये

रेफरल ॲप करताना बरेच जण टेबलात लेव्हल१, लेव्हल२, लेव्हल३ असे कॉलम ठेवतात. चौथी पातळी आली की गाडी अडते. मला विचाराल तर एकच कॉलम पुरतो: ‘आणणारा’. सईने ओंकारला आणलं, ओंकारने फातिमाला. म्हणजे ओंकारच्या ओळीत सईचा आयडी, फातिमाच्या ओळीत ओंकारचा. सईच्या ओळीत नल.

मग सईखालची सगळी माणसं कशी काढायची? ‘विथ रिकर्सिव्ह’ने. आधी सई, मग तिने आणलेले, मग त्यांनी आणलेले, नवीन ओळ मिळेनाशी होईपर्यंत. प्रत्येक फेरीत पातळी एकने वाढवायची. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. आणि ‘आणणारा’ला इंडेक्स द्या हो, नाहीतर दर फेरीला अख्खं टेबल चाळलं जातं.

खरा घोळ चक्राचा. सईच्या ओळीत चुकून फातिमाचा आयडी पडला, की क्वेरी गोल गोल फिरते. मायएसक्यूएल १००० फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबतं, ते ठीक. पण फॉरेन की हे अडवत नाही, कारण फातिमा टेबलात खरंच आहे! म्हणून बदल करण्याआधी फातिमापासून वर चढत जायचं. वाटेत सई भेटली तर बदल नाकारायचा.

कमिशनची नोंद मात्र वेगळ्या टेबलात, विक्रीच्या वेळी जो ‘आणणारा’ होता त्याच्याच आयडीसह. उद्या साखळी बदलली तरी कोणाचे जुने पैसे हलता कामा नयेत. आणि कमिशन विक्रीवरच बरं का! नुसती माणसं जोडून पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना आपल्याकडे २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार मनाई आहे.