गंज इंजिनाच्या पोटातला

1920च्या दशकात अमेरिकेतल्या कडक हिवाळ्यात चाललेल्या गाडीचं इंजिन उघडलं, की कधी कधी पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनवर बारीक खड्डे पडलेले आणि टायमिंग चेनवर तांबूस गंज चढलेला दिसे. जे भाग सतत तेलात न्हातात, त्यांनाच गंज कसा? याचं मूळ पेट्रोलमध्ये होतं.

कच्च्या तेलात गंधक असतंच, कुठे कमी, कुठे जास्त. ओहायो राज्यातल्या लायमा इथे 1885मध्ये तेल लागलं, ते गंधकामुळे इतकं घाण वास मारी की त्याचं रॉकेल घरात जाळणं नकोसं होई. हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाने कॉपर ऑक्साइड वापरून त्यातलं गंधक काढून दाखवलं. ती खटपट दिव्यांसाठी होती. पुढे मोटारी वाढल्या आणि पेट्रोलमधलं गंधक इंजिनाला छळू लागलं.

गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. पण कोरडा असेपर्यंत हा वायू लोखंडाचं फारसं बिघडवत नाही. त्याला जोड मिळते पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत उतरते. इंजिन गार असेल, तर थंड पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे थेंब तिथे जमतात. त्यांत वायू विरघळतो, आधी सल्फ्युरस आणि मग सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि ते पोलाद खाऊ लागतं. म्हणूनच थंडीतल्या छोट्या फेऱ्या सर्वांत घातक ठरत.

उपायही दोन्हीकडून झाले. रिफायनरीत गंधक काढण्याच्या पद्धती सुधारत गेल्या. इंजिनात ते लवकर तापू देणारा थर्मोस्टॅट आणि क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी सोय आली, तर ऑइलमध्ये आम्ल मारणारी अल्कधर्मी रसायनं मिसळली जाऊ लागली. पेट्रोलची एक जुनी परीक्षा आजही घेतात: चकचकीत घासलेली तांब्याची पट्टी 50 अंश सेल्सिअसच्या पेट्रोलमध्ये तीन तास बुडवून ठेवायची. पट्टी काळवंडली, तर ते पेट्रोल नापास.

भारतात एप्रिल 2020पासून बीएस-6 पेट्रोलमध्ये किलोमागे जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम गंधक चालतं. गंधकाचा धाक त्यामुळे सरला, पाण्याचा नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूला ती बाधते. ज्यांनी विंटेज गाड्या जिवापाड जपल्या आहेत, त्यांनी टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून ठेवू नये. गाडी दारातच पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची सवयही सोडावी, कारण तेवढ्यात पाणी तयार होतं, पण ते उडून जाण्याइतकं इंजिन तापत नाही. गाडी काढलीच, तर इंजिन नीट तापेपर्यंत रस्त्यावर चालवावी.